सोलापूरच्या गच्चीवरून परग्रहवासीयांचा शोध: काय जमतं, काय नाही, आणि कसं ओळखायचं

जुळे सोलापुरातल्या एका गृहस्थांनी विचारलं आहे: "मी बँकेत नोकरी करतो, विज्ञानाची पदवी नाही. परग्रहावर बुद्धिमान जीव असतील का, याचं लहानपणापासून वेड आहे. मुलगी नववीत आहे, तिलाही आता गोडी लागली आहे. घराच्या गच्चीवरून आम्हाला यात खरंच काही करता येईल, की हे मोठ्या दुर्बिणीवाल्यांचंच काम? आणि समजा काही ऐकू आलंच, तर ते तिकडचं आहे हे कळणार कसं?"

तुमचं शेवटचं वाक्य वाचलं म्हणून लिहायला बसलो. बहुतेक जण 'कोणती डिश घेऊ, किती खर्च येईल' इथून सुरुवात करतात. त्याची उत्तरं सोपी आहेत, खाली देतोच. पण या छंदात माणसाची वर्षं जातात ती आलेला सिग्नल आपला की परका हे ठरवण्यात. मोठ्या वेधशाळांचंही तेच होतं. तेव्हा तुमचा खरा प्रश्न मी असा धरतो: साध्या माणसाला, साध्या सामानानिशी, स्वतःची फसवणूक न करता हा शोध घेता येतो का? माझ्या अनुभवावरून सांगतो, येतो. मात्र त्यातून काय मिळणार याची कल्पना आधी स्वच्छ हवी.

मी शास्त्रज्ञ नाही. पूर्व भागात माझं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं आणि केबलवाल्यांच्या छत्र्या बसवून त्यांचं डायरेक्शन लावून द्यायचं काम मी सत्तावीस वर्षं केलं. १९९९ साली परग्रहवासीयांचे सिग्नल शोधणारं 'सेटी अ‍ॅट होम' सुरू झालं, तेव्हा दुकानातल्या कॉम्प्युटरवर ते टाकलं. प्वेर्तो रिकोमधल्या अरेसिबोच्या ३०५ मीटरच्या दुर्बिणीने टिपलेल्या माहितीचा एक तुकडा इंटरनेटवरून यायचा, आपला कॉम्प्युटर रिकामा असेल तेव्हा तो तपासायचा आणि निकाल परत पाठवायचा. रात्री शटर ओढताना पडद्यावर ते रंगीत आलेख हलत असायचे. बाहेर मागांची खटखट चालू आणि आत माझ्या टेबलावर आकाशाचा एक तुकडा तपासला जातोय, हे मला फार मोठं वाटायचं. आजही वाटतं. ३१ मार्च २०२० ला त्यांनी नवीन तुकडे वाटणं थांबवलं आणि त्याच वर्षी डिसेंबरात अरेसिबोची दुर्बीण कोसळली. लॉकडाऊनमध्ये दुकान बंद होतं. एका केबलवाल्याने भंगारात काढलेली आठ फुटी जाळीची छत्री मी आणून गच्चीवर उभी केली. ती अजून तिथेच आहे.

आता काय जमत नाही ते आधी. माझ्या छत्रीचं क्षेत्रफळ साधारण साडेचार चौरस मीटर. आपल्याच राज्यात, नारायणगावजवळ खोडदला, खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली जीएमआरटी ही मोठी रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश. त्यांचं क्षेत्रफळ मिळून ४७ हजार चौरस मीटरच्या पुढे जातं, म्हणजे माझ्या छत्रीच्या दहा हजार पट. दूरच्या ताऱ्याभोवतीच्या ग्रहावर आपल्यासारखी वस्ती असेल आणि तिथे आपल्यासारखेच टीव्ही-रेडिओचे टॉवर असतील, तर त्यांची गळती गच्चीवरच्या छत्रीला ऐकू येणार नाही. कुणी मुद्दाम, प्रचंड ताकदीने, नेमका आपल्याच दिशेने झोत सोडला तरच काही शक्यता. हे पचवता येत नसेल तर गच्चीवर पैसे घालू नका.

जमतं काय, तर आकाशगंगेतला हायड्रोजन ऐकणं. त्याचा या शोधाशी थेट संबंध आहे. १९५९ साली जुझेप्पे कोकोनी आणि फिलिप मॉरिसन या दोघांनी 'नेचर'मध्ये एक लेख लिहिला. विश्वात सगळ्यात जास्त असलेला हायड्रोजन १४२० मेगाहर्ट्झच्या आसपास, म्हणजे २१ सेंटीमीटर लांबीच्या लहरींवर, स्वतःहून बोलतो. रेडिओ खगोलशास्त्र ज्याला ठाऊक आहे अशा कुठल्याही संस्कृतीला ही जागा माहीत असणारच. मग निरोप द्यायचा तर याच जागेच्या आसपास देतील, असा त्यांचा विचार होता. पुढच्याच वर्षी, १९६० मध्ये, फ्रँक ड्रेक यांनी अमेरिकेत ग्रीन बँकला २६ मीटरची डिश टाऊ सेटी आणि एप्सिलॉन एरिडानी या दोन ताऱ्यांकडे लावून याच फ्रिक्वेन्सीवर कान दिला. हे दोन्ही तारे दहा-बारा प्रकाशवर्षांवर आहेत. हिवाळ्यात शहराबाहेर अक्कलकोट रस्त्याला थोडं पुढे गेलात तर नुसत्या डोळ्यांनी दिसतात. मुलीला ते दाखवा. आपण कुणाकडे कान लावतोय तो ठिपका एकदा पाहिलेला असावा.

सामानाचं म्हणाल तर सी-बँडची जुनी जाळीची छत्री भंगारवाल्याकडे किंवा जुन्या केबलवाल्याकडे मिळते. २१ सेंटीमीटरच्या लहरींना जाळीची भोकं अडचण करत नाहीत. तिच्यावरचा एलएनबी, म्हणजे छत्रीच्या मध्यापुढचा सिग्नल पकडणारा भाग, मात्र काढायचा, तो वेगळ्या फ्रिक्वेन्सीचा असतो. त्या जागी साधारण १५ सेंटीमीटर व्यासाचा, फूटभर खोल पत्र्याचा गोल डबा लावायचा. डब्याच्या बुडापासून नऊ-साडेनऊ सेंटीमीटरवर भोक पाडून आत सव्वापाच सेंटीमीटरची तांब्याची तार उभी करायची, बाहेर कनेक्टर. कनेक्टरला लागूनच हायड्रोजनच्या पट्ट्यासाठी मिळणारा फिल्टरवाला एलएनए, म्हणजे क्षीण सिग्नल वाढवणारा छोटा अँप्लिफायर. लांब केबल टाकून खाली खोलीत एलएनए जोडू नका, केबलमध्येच सगळं विरून जातं. खाली यूएसबीचा एसडीआर, म्हणजे कॉम्प्युटरला जोडून चालणारा रेडिओ रिसीव्हर, आणि लॅपटॉप. मला छत्री सोडून सगळं दहा-पंधरा हजारांत बसलं होतं.

पहिला प्रयोग ऑक्टोबरच्या सुरुवातीला रात्री आठच्या सुमाराला करा. त्या वेळी हंस तारकासमूह आपल्याकडे उत्तरेला, बराच वर असतो, आणि आकाशगंगा त्याच्यातून जाते. आधी आकाशगंगेपासून लांब, मोकळ्या आकाशाकडे छत्री करून दहा मिनिटं नोंद घ्या, मग हंसाकडे दहा मिनिटं, आणि दुसरीला पहिलीने भागा. १४२०.४ मेगाहर्ट्झच्या आसपास आलेख फुगलेला दिसेल. नीट जमलं तर त्या उंचवट्याच्या शेजारी, दीड-दोनशे किलोहर्ट्झ वर, दुसरा छोटा उंचवटा दिसेल. तो आकाशगंगेच्या बाहेरच्या बाहूतला वायू, सेकंदाला तीस-चाळीस किलोमीटरच्या फरकाने आपल्या दिशेने येणारा. मला तो पहिल्यांदा दिसला तेव्हा रात्रीचे पावणेनऊ वाजले होते. मी बायकोला हाक मारून वर बोलावलं आणि दोघं कितीतरी वेळ त्या वाकड्या रेषेकडे बघत उभे राहिलो.

हे सगळं परिस्थितीवर अवलंबून आहे हेही सांगितलं पाहिजे. गच्ची तुमच्या मालकीची आहे की सोसायटीची? जवळ मोबाइलचा टॉवर आहे का? आजूबाजूला कारखाने, वेल्डिंग, माग किती? छत्री वाऱ्यात उडू नये म्हणून पाया भरता येईल का? आपल्याकडे पाऊस कमी, आकाश मोकळं, ही जमेची बाजू. पण एप्रिल-मे मध्ये भर दुपारी पत्र्याखाली लॅपटॉप आणि एलएनए दोन्ही हैराण होतात, तेव्हा उन्हाळ्यात मी पहाटे काम करतो. गच्ची नसेल तर दुसरा रस्ता आहे, त्याच्याकडे येतो.

आधी तुमचा खरा प्रश्न.

१४०० ते १४२७ मेगाहर्ट्झचा पट्टा जगभर रेडिओ खगोलशास्त्रासाठी राखून ठेवलेला आहे, तिथे कुणीही प्रक्षेपण करायचं नाही. त्यामुळे नवख्याला वाटतं, इथे जे येईल ते वरूनच येणार. पण घरातल्या वस्तूंना तो नियम ठाऊक नसतो. सेट-टॉप बॉक्स, चार्जर, इन्व्हर्टर, एलईडीचा ड्रायव्हर, खुद्द तुमचा लॅपटॉप, सगळे आपापला आवाज सोडत असतात.

माझ्या गच्चीवरची गोष्ट सांगतो. एके सकाळी आलेखावर एक अगदी बारीक, सुईसारखी रेष उभी होती. हायड्रोजनचा उंचवटा शेकडो किलोहर्ट्झ रुंद असतो. अंतराळातल्या वायूच्या ढगांतून येणारे निसर्गातले सगळ्यात अरुंद सिग्नल, म्हणजे मेसर, घेतले तरी ते काहीशे हर्ट्झ रुंद असतात. काही हर्ट्झ रुंदीची रेष म्हणजे यंत्र. जगभर याच खुणेवर शोध चालतो. शिवाय ती रेष स्थिर नव्हती, हळूहळू सरकत होती. हेही मी वाचलेलं होतं: पृथ्वी फिरते, त्यामुळे अंतराळातून येणाऱ्या सिग्नलची फ्रिक्वेन्सी आपल्याकडे सरकताना दिसते. १४२० मेगाहर्ट्झवर सोलापुरातून हे सरकणं सेकंदाला फार तर ०.१५ हर्ट्झ भरतं. दोन तासांनी रेष गेली. चार दिवसांनी पुन्हा आली. मग पाचव्या दिवशी. तीन आठवड्यांत ती पाच वेळा आली, कधी पहाटे, कधी दुपारी. त्या दिवसांत माझी झोप उडाली होती. बायकोशिवाय कुणालाही बोललो नव्हतो.

दोन गोष्टी खटकत होत्या. एक म्हणजे रेष जवळजवळ बरोबर १४२०.००० वर होती. मेगाहर्ट्झ हे आपलं माप आहे, आपल्या सेकंदावर बेतलेलं. दुसऱ्या ताऱ्याजवळच्या कुणाला आपला पूर्णांक कशाला सुचेल? दुसरी खटकणारी गोष्ट वेळेची. आकाशातली वस्तू रोज सुमारे चार मिनिटं लवकर डोक्यावर येते, पाच दिवसांत वीस मिनिटं लवकर. माझी रेष तसला कुठलाच हिशोब पाळत नव्हती. मी सगळ्या तारखा कागदावर मांडल्या आणि स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरसमोर उभा राहिलो. नळाला पाणी आलं त्या दिवसांवर बायको पेनने गोल करते. पाच रेषा, पाच गोल, सगळ्या तारखा जुळल्या.

त्यानंतर पुतण्याला घेऊन छत्री फिरवली. रेष तेवढीच. मग हातात धरायचा छोटा अँटेना घेऊन गल्लीतून चालत गेलो, तिसऱ्या घराच्या गच्चीपाशी ती सगळ्यात जोरात होती. तिथे पाण्याच्या टाकीवर मोटर आपोआप चालू-बंद करणारा कंट्रोलर बसवलेला होता. उघडून पाहिलं तर आत २० मेगाहर्ट्झचा क्रिस्टल, म्हणजे सर्किटला ठरावीक ठोके देणारा भाग. त्याच्या पटीतल्या फ्रिक्वेन्सींवरही आवाज येतो. वीसला एकाहत्तरने गुणा, १४२० येतात. मोटर चालू झाली की डबी गरम व्हायची आणि क्रिस्टल सरकायचा, तेच मला पृथ्वीचं फिरणं वाटलं होतं. शेजाऱ्यांना सांगून त्या डबीला पत्र्याचं आवरण आणि वायरीला फेराइटचं कडं घातलं. रेष थांबली.

ते तीन आठवडे वाया गेले असं मी मानत नाही, कारण मोठ्यांचा अनुभव हाच आहे. ड्रेक यांना पहिल्याच प्रयत्नात एक जोरदार सिग्नल मिळाला होता, तो विमानाचा निघाला. ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स दुर्बिणीला बरीच वर्षं मधूनच विचित्र झटके ऐकू यायचे. २०१५ मध्ये कळलं, मायक्रोवेव्ह ओव्हन थांबायच्या आधीच त्याचं दार उघडलं की ते यायचे. त्याच पार्क्सने २०१९ मध्ये प्रॉक्झिमा सेंटॉरीच्या दिशेने ९८२ मेगाहर्ट्झवर एक बारीक, सरकणारी रेष टिपली. जगभर बातमी झाली. २०२१ मध्ये ती रेष टिपणाऱ्याच गटाने दाखवून दिलं, की ती पृथ्वीवरच्याच इलेक्ट्रॉनिक घड्याळांच्या फ्रिक्वेन्सींची सरमिसळ होती. माझ्या गल्लीतला क्रिस्टल आणि तो प्रकार एकाच जातीचा. फरक एवढाच, की त्यांनी आपलं म्हणणं स्वतःच कसून तपासलं आणि खोडून जगापुढे ठेवलं. या शोधात मला सगळ्यात जास्त आदर त्या कागदपत्रांबद्दल वाटतो.

उलट बाजूचं उदाहरणही लक्षात ठेवा. १९६७ मध्ये केंब्रिजला जोसलिन बेल या विद्यार्थिनीला आलेखाच्या कागदावर एक खरवडल्यासारखी खूण दिसली. दर १.३३ सेकंदांनी ठोका, घड्याळासारखा. माणसाचा उपद्रव म्हणून ती सोडून देता आली असती. पण ती खूण ताऱ्यांच्या वेळेप्रमाणे, रोज चार मिनिटं लवकर येत होती. म्हणजे वरचीच. गटाने तिला 'छोटी हिरवी माणसं' असं नावही देऊन पाहिलं. मग आकाशाच्या दुसऱ्या भागात बेल यांना तसाच दुसरा स्रोत सापडला आणि कळलं, की हे निसर्गाचंच काम आहे. तो पल्सार होता, म्हणजे मेलेल्या ताऱ्याचा वेगाने फिरणारा गाभा. म्हणून नुसता ताल सापडला की उड्या मारू नका. तालात तर तारेही बोलतात.

तेव्हा घरी चार गोष्टी तपासायच्या. छत्री हलवल्यावर सिग्नल जातो का? मोठ्या दुर्बिणीही हेच करतात, पाच मिनिटं ताऱ्याकडे, पाच मिनिटं बाजूला, असं तीनदा. दुसऱ्या दिवशी चार मिनिटं लवकर येतो का? आकडा आपल्या मापात गोल तर नाही ना? आणि घरचा मेन स्विच बंद करून, लॅपटॉप बॅटरीवर चालवून, रेष राहते का? चारीतून पार पडलं तरीही तो पुरावा नाही. दुसऱ्या ठिकाणच्या, दुसऱ्या माणसाच्या यंत्राला तो दिसला पाहिजे. १५ ऑगस्ट १९७७ चा ओहायोतला प्रसिद्ध 'वॉव' सिग्नल ७२ सेकंद होता. दुर्बीण स्थिर होती आणि तिच्यासमोरून आकाशातला बिंदू सरकायला तेवढाच वेळ लागायचा, सिग्नल चढला-उतरला तोही अगदी तसाच. पण तो पुन्हा कधी आला नाही. इतक्या वर्षांनंतरही शहाणे लोक त्याला 'माहीत नाही' याच खान्यात ठेवतात, आणि तेच बरोबर आहे.

आता गच्ची नसलेला रस्ता, आणि खरं सांगायचं तर परग्रहवासीयांच्या शोधात प्रत्यक्ष हातभार लावायचा असेल तर हाच जास्त भरीव. २०१५ मध्ये सुरू झालेल्या 'ब्रेकथ्रू लिसन' प्रकल्पाने ग्रीन बँकची १०० मीटरची आणि पार्क्सची ६४ मीटरची दुर्बीण वापरली, आणि त्यांच्या नोंदी लोकांसाठी खुल्या ठेवल्या. तपासायचं सॉफ्टवेअरही फुकट आहे. थोडं पायथन, म्हणजे कॉम्प्युटरची एक प्रोग्रामिंग भाषा, शिकावं लागतं. नववीतली मुलगी ते माझ्यापेक्षा लवकर शिकेल.

सुरुवात व्हॉयेजर १ च्या फाईलपासून करा. हे यान १९७७ मध्ये सुटलं, आज ते २४०० कोटी किलोमीटरच्याही पलीकडे आहे आणि त्याचा ट्रान्समीटर वीस-पंचवीस वॅटचा, म्हणजे घरातल्या ट्यूबलाइटएवढा. ग्रीन बँकने टिपलेल्या नोंदीत ८४२० मेगाहर्ट्झच्या आसपास मध्ये एक ठळक रेष आणि दोन बाजूंना दोन फिकट रेषा दिसतात, आणि तिन्ही एकसारख्या तिरक्या. इथल्या टॉवरची रेष सरळ उभी राहते, ही तिरकी जाते. सूर्यमालेच्या टोकावरचं यंत्र कसं दिसतं ते या एका चित्रात कळतं. तो तिरकेपणा डोळ्यांत बसला, की मग अनोळखी ताऱ्यांच्या फाईली उघडा.

लोक हसतात का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण हसतील. उडत्या तबकड्यांशी याचा संबंध नाही, हे त्यांना शांतपणे सांगायचं. 'साठ वर्षांत काय सापडलं' असंही विचारतील. जिल टार्टर यांनी या कामात आयुष्य घातलं. त्या म्हणतात, आजवरचा शोध म्हणजे समुद्रातून पेलाभर पाणी काढून त्यात मासा आहे का बघण्यासारखं. तारे, फ्रिक्वेन्सी, वेळा, हे सगळं गुणून पाहिलं तर आपण अजून जेमतेम सुरुवात केली आहे. मला स्वतःला वाटतं, कुणीतरी आहे. पण ते वाटणं मी गच्चीच्या दाराबाहेर ठेवून आलेखासमोर बसतो.

२८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमाराला जीएमआरटी लोकांसाठी खुली ठेवतात आणि शाळा-कॉलेजची मुलं तिथे आपले प्रयोग मांडतात. पुण्याहून नारायणगाव, तिथून खोडद. मुलीला घेऊन जा. पंचेचाळीस मीटरची डिश वळताना खाली उभं राहून पाहिलं, की मी वर दिलेले आकडे तिला वेगळे समजावावे लागणार नाहीत.

आणि छत्री, डबा, रिसीव्हर यातलं काहीही आणायच्या आधी एक दोनशे पानी वही आणा. तारीख, घड्याळाची वेळ, छत्रीची दिशा, गच्चीवरचं तापमान, शेजारी काय चालू होतं, दिवे गेले होते का, हे रोज मुलीलाच लिहू द्या. एक रकाना नळाला पाणी आलं की नाही, याचा ठेवा.